अंगणातला जॅमर

इंग्लंडमध्ये इमारतींची व्यवस्था पाहणाऱ्या माणसाला सगळ्यात जास्त भांडणं कशावरून सोडवावी लागतात, असं कुणी विचारलं तर मी पार्किंग असंच सांगेन. छताची गळती, बंद पडलेली लिफ्ट, कचऱ्याचे डबे हे सगळं त्याच्या मागून येतं. आणि पार्किंगच्या भांडणांतलं सगळ्यात कडवट कोणतं, तर गाडी आपल्याच आवारात, आपल्याच नंबरच्या चौकटीत उभी आहे, कुणाची वाट अडवलेली नाही, आणि तरी सकाळी उठून पाहावं तर चाकाला जॅमर. काचेवर कागद चिकटवलेला असतो, या गाडीचा रोड टॅक्स भरलेला नाही म्हणून.

मी लंडनच्या पश्चिमेला स्लाउमध्ये एका मॅनेजिंग एजंटकडे काम करते. घरमालकांच्या वतीने इमारतींची देखभाल, हिशेब, दुरुस्त्या आणि तक्रारी पाहणं हे आमचं काम. माझ्याकडे तीन प्रकारच्या मिळकती आहेत. काही ओळीने बांधलेली घरं, प्रत्येकाच्या पुढे गाडीपुरता ड्राइव्ह. काही निव्वळ राहत्या फ्लॅटच्या इमारती, मागे सामाईक आवार. आणि काही इमारतींत खाली दुकानं, वर दोन-तीन मजले फ्लॅट आणि मागच्या बाजूला अशी जागा, जिथे रहिवासी, दुकानदार, माल उतरवणारी व्हॅन आणि दुकानात आलेली गिऱ्हाइकं सगळेच गाड्या लावतात. जॅमरच्या बाबतीत या तिन्ही जागांना कायदा वेगवेगळ्या नजरेने पाहतो. हे राहणाऱ्यांपैकी जवळपास कुणालाच माहीत नसतं, आणि माहीत असावं अशी अपेक्षाही मी करत नाही.

जॅमर लागला की फोनवर पहिलं वाक्य ठरलेलं असतं. ‘खासगी जागेत जॅमर लावायला बंदी आहे, तुम्ही त्यांना आत येऊच कसं दिलंत?’ म्हणणाऱ्याचं अर्धं बरोबर असतं. 2012 च्या प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स कायद्याने इंग्लंड आणि वेल्समध्ये खासगी जॅमरवाल्यांचा धंदा बंद केला. 1 ऑक्टोबर 2012 पासून कायदेशीर अधिकार नसताना दुसऱ्याची गाडी अशी अडकवणं हा गुन्हा ठरला. स्कॉटलंडमध्ये तर 1992 मध्येच तिथल्या उच्च न्यायालयाने खासगी जॅमर म्हणजे खंडणी आणि चोरी असं ठरवून विषय संपवला होता. आमच्याकडे त्यानंतर वीस वर्षं तो चालू राहिला. त्यातली शेवटची वर्षं मी पाहिली आहेत. आवाराच्या कोपऱ्यात कुणाला दिसणार नाही असा फलक लावायचा, कुणी पाच मिनिटं गाडी लावून वर औषध द्यायला गेलं की चाक अडकवायचं आणि मग रोख रक्कम मागायची. रडणाऱ्या मुलाला कडेवर घेऊन पैशासाठी मशिनकडे धावणारी बाई मी पाहिली आहे. तो धंदा बंद झाला याचा मला आजही मनापासून आनंद आहे.

पण त्या बंदीत सरकारी जॅमर नव्हता. गाड्यांची नोंदणी आणि कर पाहणारं डीव्हीएलए, म्हणजे स्वान्सीचं खातं, त्याच्या वतीने काम करणारे कंत्राटदार टॅक्स नसलेल्या गाडीला जॅमर लावू शकतात. आधी हा अधिकार सार्वजनिक रस्त्यापुरता होता. 2008 च्या फायनान्स कायद्याने तो रस्त्याबाहेरच्या जागेवरही नेला. म्हणजे लोकांना 2012 ची बंदी आठवते, कारण ती त्यांच्या सुटकेची बातमी होती. त्याच्या चार वर्षं आधी काय बदललं ते फारसं कुणाच्या कानावरच गेलेलं नसतं.

या अधिकाराला एक कुंपण आहे, आणि माझी बहुतेक भांडणं त्या कुंपणाशी होतात. राहत्या घराच्या आवारातली किंवा घरालगतची, त्या घराबरोबर वापरली जाणारी जागा वगळलेली आहे. तुमच्या ड्राइव्हवर, तुमच्या गॅरेजमध्ये जॅमर येत नाही. जी इमारत पूर्णपणे राहत्या घरांची आहे, तिच्या आवारातली केवळ तिथल्या रहिवाशांच्या वापरातली जागाही वगळलेली आहे. कागदावर हे स्वच्छ दिसतं. पण खाली केशकर्तनालय आणि किराणा दुकान असलेली इमारत पूर्णपणे राहत्या घरांची कशी म्हणायची? आणि निव्वळ फ्लॅटच्या इमारतीतही, गेट नसलेल्या आवारात शेजारच्या शाळेत मुलांना सोडायला येणारे पालक रोज गाड्या लावत असतील, तर ती जागा फक्त रहिवाशांच्या वापरातली राहिली का? हे प्रश्न वकिलासमोर बसून शांतपणे सोडवायचे. आमच्याकडे मात्र ते सकाळी साडेसात वाजता, कामावर निघालेल्या माणसाच्या चाकापाशी उभे राहतात.

त्यात रस्त्याची आणखी एक गुंतागुंत. वसाहतीतला कुठला रस्ता कौन्सिलने आपल्या ताब्यात घेतला आहे आणि कुठला अजून खासगी आहे, हे डांबराकडे पाहून कळत नाही. सार्वजनिक खर्चाने ज्याची देखभाल होते तो सार्वजनिक रस्ता. ज्याने गाडी वापरात नाही असं अधिकृतपणे कळवलं आहे, म्हणजे इकडच्या भाषेत सॉर्न केलं आहे, त्याची गाडी खासगी जागेत खुशाल उभी राहू शकते. तिला टॅक्स लागत नाही आणि जॅमरही लागत नाही. पण तीच गाडी कौन्सिलच्या रस्त्यावर आली की गुन्हा. माझ्या एका वसाहतीत ही हद्द एका गटाराच्या झाकणापाशी आहे. मी कौन्सिलकडून त्या रस्त्यांचा नकाशा मागवून घेतला, त्याच्या प्रती काढल्या आणि नवीन रहिवाशाला किल्ल्यांबरोबर एक प्रत द्यायला सुरुवात केली. आमच्या कचेरीत काहींना हे अति वाटलं. मला ते किल्ल्यांइतकंच गरजेचं वाटतं.

सॉर्नची सक्ती 1998 पासून आहे, आणि 2004 पासून गाडी रस्त्यावर सापडो न सापडो, नोंदीवर ज्याचं नाव त्याने टॅक्स तरी भरला पाहिजे किंवा सॉर्न तरी केलं पाहिजे. मधली अवस्था नाही. हा नियम मला पटतो. टॅक्स न भरता गाड्या फिरवणारे लोक असतात, आणि आवारात वर्षानुवर्षं सडत पडलेल्या, कुणी मालकी न सांगणाऱ्या गाड्या हटवताना मला याच नियमाचा उपयोग झाला आहे. म्हणून मी कुणाला टॅक्स बुडवायला मदत करत नाही आणि नियमाला शिव्याही घालत नाही. माझं म्हणणं फक्त एवढंच आहे की खासगी आवारात ज्यांना जॅमर लागतो, त्यांच्यातले मला भेटलेले बहुतेक लोक कर बुडवणारे नव्हते. त्यांची एक तारीख चुकलेली होती.

तारीख चुकणं पूर्वी इतकं सोपं नव्हतं. 1921 पासून गाडीच्या पुढच्या काचेवर टॅक्सची गोल कागदी चकती असायची. तिच्यावर महिना ठळक छापलेला. आवारातून फेरी मारताना मला सहज दिसायचं की अमक्या गाडीची मुदत या महिन्याअखेर संपते, आणि जिन्यात भेट झाली की मी सांगायचे. 1 ऑक्टोबर 2014 पासून ती चकती गेली. सगळं संगणकावर आलं. नंबर टाकला की कुठल्याही गाडीचा टॅक्स आहे की नाही हे कुणालाही दिसतं, पण नंबर टाकायचं सुचायला तर हवं. सरकारच्याच पाहणीत टॅक्स नसलेल्या गाड्यांचं प्रमाण 2013 मध्ये 0.6 टक्के होतं, ते 2017 मध्ये 1.8 टक्क्यांवर गेलं. एवढ्या अवधीत देशातली माणसं तिप्पट अप्रामाणिक झाली असं मानायला मी तयार नाही.

त्याच दिवसापासून दुसराही बदल झाला. गाडी विकली की तिचा उरलेला टॅक्स नव्या मालकाकडे जात नाही. उरलेल्या पूर्ण महिन्यांचे पैसे विकणाऱ्याला परत मिळतात आणि घेणाऱ्याने त्याच दिवशी नवा टॅक्स भरायचा. वापरलेली गाडी घेणाऱ्यांना हे माहीत नसतं. दुकानांवरच्या फ्लॅटमध्ये राहणारी एक मुलगी वृद्धाश्रमात रात्रपाळी करते. तिने ओळखीच्या माणसाकडून जुनी हॅचबॅक घेतली, तो म्हणाला टॅक्स अजून पाच महिने आहे. तो खोटं बोलत नव्हता, त्यालाही तसंच वाटत होतं. रात्रपाळी करून ती सकाळी आली, गाडी मागे लावून झोपली आणि दुपारी उठून पाहते तर जॅमर. ती माझ्या कचेरीत आली तेव्हा तिच्या हातात तो कागद होता आणि ती एकच आकडा पुन्हा पुन्हा म्हणत होती.

आकडे असे असतात. चोवीस तासांच्या आत सोडवलं तर सुटकेचे 100 पौंड. टॅक्स भरल्याचा पुरावा दाखवता आला नाही तर वर 160 पौंड अनामत. पंधरा दिवसांत टॅक्स भरून दाखवला तर ती परत मिळते. चोवीस तास उलटले की गाडी उचलून यार्डात नेतात, मग 100 चे 200 होतात आणि ठेवणावळ म्हणून रोजचे 21 पौंड वेगळे. तरीही कुणी आलं नाही तर गाडी लिलावात किंवा भंगारात जाते. ज्याच्या खात्यात पैसे आहेत त्याला ही एक चिडचिडी सकाळ असते. त्या मुलीला तो महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातला सगळा पैसा होता. आम्ही गाडीच्या कप्प्यातून लॉगबुकची हिरवी पावती शोधून काढली. तिच्यावरच्या बारा आकडी क्रमांकाने माझ्याच संगणकावर तिचा टॅक्स भरला, पहिला हप्ता डायरेक्ट डेबिटने, आणि मग फोन केला. टॅक्स भरलेला दिसत असल्यामुळे अनामत लागली नाही. शंभर पौंड तिने मैत्रिणीकडून घेतले. संध्याकाळी तिला कामावर जायचं होतं, आणि ती गेली.

हे ज्याला सुचतं तो 160 पौंड वाचवतो. ज्याला इंग्रजी वाचता येतं, ज्याच्या फोनमध्ये डेटा आहे, ज्याला दिवसा रजा मिळते, त्याला हे सुचतं. बाकीचे घाबरून कागदावरच्या नंबरवर फोन करतात आणि सांगतील तेवढे भरतात. चाकावरचा जॅमर स्वतः कापून काढायला निघालेलेही मी थांबवले आहेत, कारण तो काढणं हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि मग शंभर पौंडांचं प्रकरण कोर्टात जातं.

आपल्या लोकांचा प्रश्न थोडा वेगळा असतो. महाराष्ट्रात खासगी गाडीचा कर नोंदणीच्या वेळीच एकरकमी भरून होतो. पुण्याहून नुकताच आलेला मुलगा विमा काढतो, वेगमर्यादा पाळतो, पण रोड टॅक्स दर वर्षी किंवा दर महिन्याला भरायचा असतो ही गोष्टच त्याच्या हिशेबात नसते. एका मुलाने मात्र सगळं नीट केलं होतं. टॅक्स डायरेक्ट डेबिटवर, पत्ता लॉगबुकवर बरोबर. वडिलांच्या शस्त्रक्रियेसाठी तो पुण्याला गेला आणि त्यांचं बरं होणं लांबलं, म्हणून मुक्कामही लांबला. इकडे त्याच्या गाडीची एमओटी, म्हणजे वार्षिक तपासणी, संपली. एमओटी नसेल तर डायरेक्ट डेबिटने टॅक्सचं नूतनीकरण होत नाही. तशी पत्रं आली असणार, पण ती बंद फ्लॅटच्या दाराआड पडलेली. गाडी दुकानांच्या मागे त्याच्या स्वतःच्या चौकटीत उभी होती, आणि ती चौकट त्याच्या लीजमध्ये नकाशासकट नोंदलेली होती.

मी त्याला व्हॉट्सॲपवर फोन केला तेव्हा तिकडे रात्र झाली होती, तो हॉस्पिटलच्या व्हरांड्यात होता. ‘ताई, पण गाडी तर माझ्याच जागेत उभी आहे ना? मी ती जागा फ्लॅटबरोबर विकत घेतली आहे.’

‘हो रे, तुझीच आहे. पण आत्ता ते सिद्ध करत बसलो तर गाडी उद्या यार्डात जाईल. लॉगबुकचा फोटो आहे का तुझ्याकडे?’

फोटो होता. त्याच्या मित्राने सुटकेचे पैसे आणि अनामत दोन्ही भरले. ठरवून ठेवलेल्या एमओटीच्या वेळेसाठी टॅक्स नसलेली गाडी चालवत नेता येते, एवढी सवलत कायद्यात आहे. मित्राचा विमा त्या गाडीला लागू होतो याची खात्री करून घेतली आणि तो गाडी घेऊन गेला. तपासणीत पास झाली, त्याच दिवशी टॅक्स भरला, अनामत परत आली. सुटकेचे शंभर पौंड मात्र गेले ते गेलेच.

त्यासाठी मी लिहिलेलं पत्र अजून फाइलमध्ये आहे. माझा मुद्दा असा होता की फ्लॅट हेही राहतं घर आहे, आणि लीजने त्या घराला जोडलेली चौकट ही त्या घराबरोबर वापरली जाणारी जागा आहे, खाली दुकान असो वा नसो. कंत्राटदाराकडून उत्तर आलं की इमारत मिश्र वापराची आहे आणि आवार उघडं आहे, म्हणून कारवाई योग्य होती. मला त्यांचं म्हणणं कळतं, पण पटत नाही. कुणीतरी हा मुद्दा कोर्टात नेऊन निकाल घ्यायला हवा. शंभर पौंडांसाठी कोर्टाची फी आणि कामावरची रजा कुणी खर्च करत नाही, म्हणून तो मुद्दा प्रत्येक आवारात नव्याने उभा राहतो.

या सगळ्यात मला सर्वात जास्त त्रास होतो तो शेजाऱ्यांच्या तक्रारींचा. टॅक्स नसलेली गाडी दिसली तर नाव न सांगता ऑनलाइन कळवता येतं. सोय चांगल्यासाठी आहे. पण दोन घरांचं जागेवरून वाजलं की त्यातला एक दुसऱ्याच्या गाडीचा नंबर तपासत बसतो. माझ्या एका फ्लॅटच्या इमारतीत एक निवृत्त गृहस्थ राहतात, त्यांच्याकडे वडिलांची जुनी मॉरिस मायनर आहे, ताडपत्रीखाली जपून ठेवलेली. चाळीस वर्षांहून जुन्या गाडीला टॅक्स माफ होतो, तरी शून्य रकमेचा का होईना, टॅक्स काढावाच लागतो. त्यांना वाटलं माफ म्हणजे काहीच करायचं नाही. विजेच्या गाड्यांच्या बाबतीतही अनेकांची हीच समजूत होती. 1 एप्रिल 2025 पासून त्यांना प्रत्यक्ष कर लागू झाला, पण त्याआधी शून्य असतानाही नोंद आवश्यकच होती. सरकारला एक पैसाही येणं नसताना चाक अडकतं, हे त्या गृहस्थांना समजावून सांगणं मला फार जड गेलं.

त्या दिवशी मी योगायोगाने तिथेच होते. व्हॅनमधून उतरलेला माणूस जॅमर घेऊन ताडपत्री उचलत होता. मी त्याला लीजचा नकाशा दाखवला. इमारतीत एकही दुकान नाही, आवाराला गेट आहे, बाहेरचं कुणी इथे गाडी लावत नाही. त्याने शांतपणे सगळं पाहिलं, फोनवर कुणाशी तरी बोलला, फोटो काढले आणि जॅमर परत व्हॅनमध्ये ठेवला. जाताना त्याने त्या गृहस्थांना शून्य टॅक्सचा अर्ज कसा करायचा ते स्वतःहून समजावून सांगितलं. त्याच्याविषयी माझ्या मनात आदर आहे. त्याला हातात नंबरांची यादी मिळते; त्या नंबरामागे लीज काय म्हणते, हे त्या यादीत नसतं. तक्रार कुणी केली हे मला कधी कळलं नाही. त्या गृहस्थांनी मात्र तेव्हापासून समोरच्या जोडप्याशी बोलणं सोडलं आहे, आणि त्यांचा संशय खरा की खोटा हे सांगणं माझ्या हातात नाही.

आमच्या मतदारसंघाच्या खासदारांच्या कार्यालयाला मी एक पत्र पाठवलं आहे. त्यात माफी मागितलेली नाही, दंड कमी करा असंही म्हटलेलं नाही. रस्त्यावर टॅक्स नसलेली गाडी सापडली तर लगेच जॅमर लावा, कारण ती पुढच्या तासाला निघून जाईल. पण खासगी आवारात, चौकटीत उभी असलेली गाडी कुठे पळत नाही. तिच्या काचेवर आधी एक सूचना चिकटवावी, सात दिवसांची मुदत द्यावी, आणि सूचनेत तीनच गोष्टी मोठ्या अक्षरांत लिहाव्यात: टॅक्स कसा भरायचा, सॉर्न कसं करायचं, आणि ही जागा घराच्या आवारात येते असं वाटत असेल तर लीजची प्रत कुठे पाठवायची. आठव्या दिवशी खुशाल या. सडत पडलेल्या बेवारशी गाड्या आठव्या दिवशीही तिथेच असतील आणि त्या उचलल्या गेल्या तर मीच आभार मानेन. उरलेल्या बहुतेक गाड्यांचा टॅक्स तोवर तिजोरीत जमा झालेला असेल.

उत्तर येईपर्यंत ते काम मीच करते. महिन्यातून एकदा आवारातल्या गाड्यांचे नंबर तपासते आणि ज्यांची मुदत संपत आली आहे त्यांच्या दाराखाली चिठ्ठी सरकवते. इंग्रजीत, खाली पंजाबी आणि पोलिश भाषेत, आणि मराठी घरं असतील तिथे मराठीत.